कानाखालची गाठ

ऐरोली स्टेशनच्या फलाटावर ओले केस क्लिपमध्ये अडकवत होते आणि बोट उजव्या कानाखाली अडखळलं. पाळीच्या मागून जबडा जिथे वळतो, नेमकं तिथे. भिजवलेल्या छोल्याएवढं काहीतरी, कातडीखाली हलणारं. दाबलं तर दुखलं नाही. पनवेल गाडी आली, मी चढले, आणि महापेच्या ऑफिसात पोहोचेपर्यंत वीस वेळा तरी तिथे हात लावला असेन.

आपल्याकडे ‘गाठ’ म्हटलं की ऐकणाऱ्याच्या कानात ‘कॅन्सर’च वाजतो. माझ्याही वाजला. वय ४१, मुलगी दहावीला, दिवसभर हिशेबाच्या फायली. त्या दिवशी एकही आकडा जुळेना.

संध्याकाळी सासूबाईंना दाखवलं. त्या मूळच्या कोरेगावकडच्या. चष्मा न लावता, नुसत्या बोटांनीच चाचपून म्हणाल्या, “अगं, अवधाण आलंय. पायाला काटा लागला की जांघेत येतं ना, तसलंच. डोक्यात, कानात काही लागलंय का बघ.” आणि सहाणेवर रक्तचंदन उगाळायला बसल्या. लेप लावून घेतला. गार वाटलं, बरं वाटलं. गाठ होती तिथेच राहिली. पण त्यांचं ते एक वाक्य, की गाठ इथे असली तरी भांडण दुसरीकडे कुठेतरी चाललेलं असतं, ते शंभर टक्के खरं होतं. पुढे डॉक्टरांनी तेच कागदावर काढून दाखवलं.

आमचे फॅमिली डॉक्टर सेक्टरातच बसतात. त्यांनी आधी गाठीला हातच लावला नाही, प्रश्न सुरू केले. घसा दुखतोय का? दाढ? कानातून पाणी? गेल्या महिन्यात डोळे आले होते का? कानाला नवीन टोचून घेतलंस का? केसांत कोंडा, फोड, उवा? केसांना काय लावतेस? घरात मांजर आहे का, ओरबाडलं का? अंगावर पुरळ? रात्री घामाने गाऊन भिजतो का? वजन? भूक? घरात, ऑफिसात कुणाला टीबी? आधी कधी झालाय?

तेव्हा मला ते प्रश्न उगाच वाटले. एका गाठीसाठी मांजरापर्यंत जायचं कशाला? मग त्यांनी पॅडवर एक कान काढला आणि त्याच्याभोवती तीन ठिपके दिले.

कानाच्या पुढचा ठिपका: इथल्या गाठींकडे पापण्या, डोळा, कानशील आणि कानाच्या पुढच्या भागातून लसिकेचा, म्हणजे शरीरभर फिरणाऱ्या पाण्यासारख्या द्रवाचा, निचरा येतो. डोळ्यांची साथ आली की काही जणांना नेमकी इथे गाठ येते. मांजराच्या ओरखड्यातून शिरणाऱ्या एका जंतूनेही इथे येऊ शकते. कानाच्या मागचा ठिपका म्हणजे डोक्याची कातडी: कोंडा चिघळला, उवांनी खाजवून जखमा झाल्या, केसांत फोड आला, रंगाची ॲलर्जी झाली की ही फुगते. लहान मुलांत गोवरासारखं पुरळ आणि कानामागे, मानेमागे गाठी असं दिसलं तर रुबेलाचाही विचार करायचा. आणि तिसरा ठिपका कानाखाली, जबड्याच्या कोपऱ्याला: घसा, टॉन्सिल, दाढा. “तुझी गाठ ही,” ते म्हणाले. शरीरात अशा सुमारे ६०० लसिका ग्रंथी असतात आणि त्यांतल्या पुष्कळशा मानेत आणि डोक्याच्या कडेने असतात, कारण जंतू शिरायच्या वाटाच तिथे जास्त. ग्रंथी फुगली याचा अर्थ बहुतेक वेळा ती तिचं काम करतेय.

कानाजवळची प्रत्येक गाठ लसिका ग्रंथीच असते असंही नाही. तिथेच लाळेची मोठी ग्रंथी असते. गालगुंडात ती सुजते तेव्हा कानाची पाळी वर उचलल्यासारखी दिसते. तिच्यात वेगळ्याही गाठी होतात, त्यांतल्या बऱ्याच साध्या असतात, काही नसतात. कातडीतली तेलाची गाठ असते, चरबीची असते. बोटाला सगळ्या गोलच लागतात.

मग त्यांनी तपासलं. दोन्ही बाजूंनी मान, कानामागे, हनुवटीखाली, हासडीच्या हाडावर, काखेत, पोटावर. केसांचा भांग पाडून टॉर्चने कातडी बघितली. तिथे लाल चट्टे होते. महिन्यापूर्वी लग्नाला जायचं म्हणून मी केसांना काळा रंग लावला होता आणि आठवडाभर खाजत होतं. ते ऐकून मला इतकं हायसं वाटलं! सापडलं कारण! डॉक्टरांनी मात्र मान डोलावली नाही. “असू शकतं. पण रंगाने आलेली गाठ मागे यायला हवी होती, आणि थोडी तरी दुखायला हवी होती.” प्लॅस्टिकची पट्टी घेऊन त्यांनी गाठ मोजली. १.८ सेंटिमीटर. केसपेपरवर आकार, जागा, ‘न दुखणारी, हलणारी’ असं सगळं लिहिलं आणि तारीख टाकली. हा आकडा लिहून ठेवण्याचा किती उपयोग झाला ते नंतर कळलं. ‘वाढल्यासारखी वाटतेय’ आणि ‘चार मिलिमीटर वाढली’ यांत फार फरक असतो.

सात दिवसांचं साधं अँटिबायोटिक मिळालं आणि चौदा दिवसांनी यायला सांगितलं. लिव्होफ्लॉक्सासिन नावाचं अँटिबायोटिक त्यांनी मुद्दाम टाळलं, कारण ते टीबीवरही चालतं. टीबी असलाच तर तेवढ्यापुरता दबतो आणि निदान लांबतं. त्याआधी काय झालं तर धावत यायचं तेही सांगितलं: गाठ झपाट्याने वाढली, गिळताना किंवा श्वास घेताना अडलं, वरची कातडी लाल होऊन ताप चढला, किंवा चेहऱ्याची एक बाजू लुळी वाटली तर. आणि एक ताकीद, जी मी पाळू शकले नाही: सारखं दाबायचं नाही.

त्या चौदा दिवसांत सल्ल्यांना तोटा नव्हता. मजल्यावरच्या एका वहिनींनी सूज उतरवणाऱ्या गोळ्यांची पट्टी आणून दिली. “माझ्या भावाची गाठ चार दिवसांत गेली.” पट्टी उलटून बघितली तर स्टेरॉइड. मी डॉक्टरांना फोटो पाठवला. त्यांचा उलट फोन आला, इतका तातडीने ते कधी फोन करत नाहीत. स्टेरॉइडने गाठ खरंच बसते, टीबीची असो वा लिम्फोमाची, म्हणजे लसिका ग्रंथींच्या कॅन्सरची. काही दिवस. आत आजार तसाच राहतो, आणि नंतर सुईने नमुना काढला तरी नीट उत्तर मिळेनासं होतं. वहिनींनी प्रेमानेच दिली होती ती पट्टी, यात शंका नाही. म्हणूनच हे सविस्तर लिहिते आहे. अशी पट्टी बहुतेक प्रेमानेच येते.

चौदाव्या दिवशी डॉक्टरांची मोजायची पट्टी पुन्हा लागली. २.२. आणि तिच्या खाली, मानेच्या बाजूला, दुसरी लहान गाठ. केसांतले चट्टे एव्हाना पूर्ण गेले होते.

ठाण्याला, नौपाड्यातल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे चिठ्ठी मिळाली. गाडीने ऐरोली ते ठाणे दहा-पंधरा मिनिटं, पण त्या दिवशी खाडीवरचा तो छोटा पल्ला संपता संपेना. नवरा बरोबर होता, दोघंही गप्प.

त्या डॉक्टरबाईंनी नाकातून दुर्बीण घालून घशाचा मागचा भाग बघितला. मानेत गाठ येण्याचं मूळ कधी कधी नाकाच्या मागे किंवा जिभेच्या बुडाशी लपलेलं असतं, तंबाखू खाणाऱ्यांत तर ते बघितल्याशिवाय पुढे जायचंच नाही, असं त्या म्हणाल्या. माझ्या घशात काही नव्हतं. मी विचारलं, “काढूनच का टाकत नाही सरळ?” त्यांनी माझ्याच गालावरून बोट फिरवून दाखवलं: चेहरा हलवणारी नस कानाखालून निघून लाळेच्या ग्रंथीतून जाते आणि खांदा उचलणारी नस मानेतून, गाठींच्या शेजारून. आंधळेपणाने सुरी चालवायची ही जागा नाही. आधी सोनोग्राफी, मग सुईने नमुना. सुईने उत्तर मिळालं नाही, किंवा लिम्फोमाची शंका आली, तरच अख्खी गाठ काढून तपासायची, कारण लिम्फोमा नुसत्या सुईच्या पेशींवरून नीट ओळखता येत नाही.

सोनोग्राफीत डॉक्टर पडद्यावर बघत बोलत गेले, मला ते आवडलं. चांगली ग्रंथी घेवड्याच्या दाण्यासारखी लांबट दिसते आणि तिच्या मध्यावर पांढरट रेघ असते, जिथून रक्तवाहिनी आत जाते. डाव्या बाजूची माझी एक चांगली ग्रंथी त्यांनी दाखवली, अगदी तशीच. मग उजवीकडे आले. गोल. रेघ नाहीशी. मध्यभागी काळसर, म्हणजे आतला भाग मेलेला. खालच्या दुसऱ्या गाठीला चिकटलेली. रिपोर्टवर शेवटी दोन शक्यता लिहिल्या होत्या, टीबी आणि लिम्फोमा, आणि पेशींची तपासणी करण्याचा सल्ला.

सुईची तपासणी एका खासगी लॅबमध्ये झाली. तिचं नाव लिहीत नाही, पण तिथे जे झालं ते लिहिते, कारण ते टाळता येण्यासारखं आहे.

तपासणी स्वतः काहीच नाही. उताणं झोपवून मान डावीकडे वळवली, स्पिरिट लावलं, डॉक्टरांनी दोन बोटांत गाठ पक्की धरली. सुई रक्त काढायच्या सुईएवढी किंवा त्याहून बारीक. “गिळू नका, बोलू नका.” आत गेल्यावर ती सुई सात-आठ वेळा मागेपुढे होते, तेव्हा दुखण्यापेक्षा विचित्र वाटतं, आंबोशीच्या फोडीत कुणी टाचणी खुपसतंय आणि ती फोड आपण आहोत असं. वीस सेकंदांत संपलं. काचेवर जे पडलं ते मी मान वळवून बघितलं: रक्त नव्हतं, फिकट पिवळं, साखर न घातलेल्या श्रीखंडासारखं दाट. लॅबमधल्या मुलाने सगळं काचांवर फासलं. सुईत उरलं तेही पुसून टाकलं.

तीन दिवसांनी रिपोर्ट आला. त्या तीन रात्री मी मोबाइलवर जे वाचलं त्यातलं काहीही कामाचं नव्हतं. रिपोर्टमध्ये कॅन्सरच्या पेशी नव्हत्या. ग्रॅन्युलोमा, म्हणजे जंतूला घेरणाऱ्या पेशींचे पुंजके, होते आणि मेलेल्या पेशींचा तो दाट भाग. बहुधा टीबी. डॉक्टरबाईंनी विचारलं, “सीबीनॅटला नमुना पाठवला ना?” पाठवला नव्हता. सगळा काचांवर गेला होता. काचेवर टीबीसारखं दिसतं एवढंच कळतं. जंतू खरोखर टीबीचा आहे का आणि रिफॅम्पिसिन नावाचं मुख्य औषध त्याच्यावर चालेल का, हे सीबीनॅटच सांगतं. मशीनला दोनेक तास लागतात फक्त. चिठ्ठीवर बाईंनी दोन्ही तपासण्या लिहिल्या होत्या. लॅबने एक वाचली.

म्हणजे पुन्हा सुई. मला राग आला, अजूनही येतो. पैशाचा नाही तितका. ज्या चार दिवसांत माणूस सर्वांत घाबरलेला असतो ते चार दिवस त्याचे लांबवले, याचा. कुणाला मानेतल्या गाठीची सुई करायची असेल तर आत जाण्यापूर्वी एवढं विचारा: नमुना वेगळ्या बाटलीत सीबीनॅट आणि कल्चरसाठी (जंतू वाढवून बघायला) ठेवणार ना? आणि गाठ कापून काढणार असतील तर सगळी फॉर्मालिनमध्ये बुडवू नका म्हणावं, एक तुकडा सलाइनमध्ये ठेवा. फॉर्मालिनमध्ये जंतू मरतात, मग कल्चर होत नाही.

दुसरी सुई महापालिकेच्या रुग्णालयात झाली, फुकट. तिथल्या टेक्निशियनने बाटलीवर नाव लिहून मला वाचायला दाखवलं. दुसऱ्या दिवशी निकाल हातात: टीबीचा जंतू सापडला, रिफॅम्पिसिनला दाद देणारा.

मला रडू आलं ते सुटकेचं. कॅन्सर नाही. पूर्ण बरा होणारा आजार, औषध ठरलेलं, मुदत ठरलेली. पण घरी येऊन सांगितलं तेव्हा सासूबाईंचा चेहरा उतरला. त्या गाठीला न घाबरलेली बाई ‘टीबी’ म्हटल्यावर गप्प झाली. रात्री भांडी आवरताना हळूच म्हणाल्या, “कुणाला सांगू नकोस गं. पोरीचं पुढे लग्न व्हायचंय.”

मी आईला फोन केला. आईने ऐकून घेतलं, मग बराच वेळ काही बोलली नाही, आणि म्हणाली, “ताईआजीला हेच होतं.”

ताईआजी म्हणजे माझ्या आजीची धाकटी बहीण. लहानपणी तिला मी पाहिलंय. उन्हाळ्यातसुद्धा पदर मानेभोवती घट्ट गुंडाळलेला असायचा. एकदा विहिरीवर पाणी शेंदताना पदर सुटला आणि कानाखालून हासडीपर्यंत चुरगळलेल्या कागदासारखी कातडी दिसली, मध्ये खोल खळगे. मी विचारलं तर आजीने दटावलं. गंडमाळ, एवढाच शब्द कानावर होता. मला वाटायचं ती जन्मखूण असते. आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांत असलेला हा शब्द. मानेत माळेसारख्या ओळीने येणाऱ्या गाठी. त्या पिकतात, फुटतात, वाहतात, वर्षानुवर्षं भरत नाहीत. म्हणजे लसिका ग्रंथींचा क्षय. जंतू रॉबर्ट कॉख या जर्मन डॉक्टरने १८८२ साली शोधला, औषधं आली ती १९४० नंतर; ताईआजीच्या गावापर्यंत ती वेळेत पोहोचली नाहीत, किंवा पोहोचली असतील आणि कुणी तिला नेलं नसेल. तिचं लग्न झालं नाही. ती साठ वर्षं पदर सावरत जगली आणि तिच्या आजाराचं नाव आमच्या घरात कुणी घेतलं नाही.

त्या रात्री मी ठरवलं, मी सांगणार. सासूबाईंना हात धरून बसवलं आणि डॉक्टरबाईंनी मला सांगितलेलं सगळं त्यांना सांगितलं. माझ्या छातीचा एक्स-रे स्वच्छ आहे, खोकला नाही. टीबी फुप्फुसात असेल तर खोकल्यातून पसरतो. नुसत्या गाठीतला टीबी शेजारी बसून, ताटात जेवून, कपडे एकत्र धुऊन होत नाही. जंतू मात्र कधीतरी श्वासातूनच आत आला असणार, कदाचित गाडीत, कदाचित ऑफिसात, कदाचित वर्षांपूर्वी, आणि ग्रंथीत दबून बसला. त्यात माझा दोष नाही आणि तुमच्या घराचाही नाही. त्या ऐकत होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी दोन अंडी उकडली. आमच्याकडे आषाढात अंडं येत नाही. एवढ्यावरून मला जे समजायचं ते समजलं.

नागरी आरोग्य केंद्रात नाव नोंदवलं. निक्षय क्रमांक (टीबी रुग्णांच्या सरकारी नोंदणीचा) मिळाला, एचआयव्ही आणि साखरेची तपासणी झाली (ती प्रत्येक टीबी रुग्णाची करतात, घाबरायचं कारण नाही), बँकेचे तपशील घेतले. पोषणासाठी सरकार दरमहा १००० रुपये खात्यात टाकतं, ऑक्टोबर २०२४ पर्यंत ते ५०० होते. घरातल्या सगळ्यांची चौकशी झाली: खोकला, ताप, वजन. वजनावर गोळ्या ठरतात. माझं ५७ किलो, म्हणून रोज चार गोळ्या, एकदम. पहिले दोन महिने त्या गोळीत चार औषधं, पुढचे चार महिने तीन.

पहिल्याच दिवशी लघवी नारिंगी झाली. केंद्रातल्या ताईंनी आधी सांगितलं होतं म्हणून बरं, नाहीतर मी रक्त समजून पुन्हा रिक्षात बसले असते. रिफॅम्पिसिनचा रंग आहे तो, घाम आणि अश्रूसुद्धा रंगतात. गर्भनिरोधक गोळ्या या औषधाने नीट चालत नाहीत, हे त्यांनी आवाज खाली न करता सांगितलं, ते फार चांगलं केलं. हिरवा आणि लाल रंग नीट ओळखता येतो ना, हे दर भेटीत विचारत, कारण त्या गोळीतलं एथॅम्ब्युटॉल हे औषध क्वचित डोळ्याच्या नसेला बाधतं. मळमळ पहिले तीन आठवडे खूप होती. चहाच्या वासानेही उमासे यायचे. मळमळ वेगळी आणि कावीळ वेगळी. सतत उलट्या, जेवणावरची वासना उडणं, डोळे पिवळे, असं काही झालं तर गोळ्या थांबवून त्याच दिवशी या, असं त्यांनी बजावलं होतं. माझ्यावर ती वेळ आली नाही. गुडघे मात्र दोन महिने दुखले.

खरी परीक्षा गणपतीत झाली. औषध सुरू होऊन पाच-सहा आठवडे झाले होते, वजन एक किलो वाढलं होतं, आणि अचानक गाठ मोठी होऊ लागली. आरतीला उभी होते, मान वळवली तर ताणल्यासारखं दुखलं. आधी कधी न दुखणारी गाठ आता मऊ, लालसर, लिंबाएवढी. डोळ्यासमोर ताईआजीची मान. मला खात्री पटली की औषध लागू पडत नाही, किंवा निदानच चुकलं. गोळ्या बंद कराव्यात असं मनात आलं होतं, एका सकाळी तर पट्टी हातात घेऊन तशीच उभी राहिले. मग घेतल्या.

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी ठाण्याला गेले. डॉक्टरबाई शांत होत्या. जंतू मरायला लागले की त्यांच्या अवशेषांवर शरीराची प्रतिकारशक्ती जोराने तुटून पडते, आणि गाठ उलट फुगते, कधी नवीनही येते. गाठींच्या टीबीत हे काही रुग्णांना होतंच. औषध हरतंय असा त्याचा अर्थ नव्हे, गोळ्या बदलायच्या नाहीत, थांबवायच्या तर मुळीच नाहीत. कातडी पातळ व्हायला लागली होती म्हणून त्यांनी फुटण्याआधीच सुईने पू काढला, बाजूच्या चांगल्या कातडीतून सुई घालून, म्हणजे तिथून वाहत राहू नये. काढलेला पू पुन्हा तपासायला गेला. त्या वेळी बाटली मी स्वतः मागून घेतली. दोनदा काढावा लागला. दिवाळीपर्यंत गाठ बसली.

ऑफिसात मी पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं होतं. बहुतेकांनी साधेपणाने घेतलं. एक जण, जिच्याबरोबर मी सात वर्षं डबा खाल्ला, ती दुसऱ्या टेबलावर जाऊन बसू लागली. मी तिला एक्स-रेचा रिपोर्ट दाखवला, समजावलं, ती ‘हो हो’ म्हणाली आणि तिथेच बसत राहिली. हे गुडघ्यांपेक्षा जास्त दुखलं. डिसेंबरात कधीतरी परत आली, काही न बोलता मेथीच्या भाजीचं झाकण माझ्याकडे सरकवलं. मीही काही बोलले नाही.

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात गोळ्या संपल्या. शेवटच्या सोनोग्राफीत वरची गाठ ८ मिलिमीटरची आहे, खालची दिसत नाही. एवढी लहान गाठ राहिली तर चालते, तिच्यात आजार उरलाय असं नाही; वाढली तर यायचं. पुढची दोन वर्षं दर सहा महिन्यांनी केंद्रात दाखवायचंय. सुई घातलेल्या जागी तिळाएवढा डाग आहे. केस मी वर बांधते.

गेल्या आठवड्यात आमच्या डिस्पॅचमधली एक मुलगी जेवणाच्या सुट्टीत माझ्याकडे आली. तिच्या सात वर्षांच्या मुलाच्या कानामागे दोन्हीकडे वाटाण्याएवढ्या गाठी, आणि तिने रात्रभर मोबाइलवर वाचलेलं. डोळे सुजलेले. “ताई, तुमच्यासारखंच असेल का?” मी विचारलं, कानामागे की कानाखाली? दुखतात का? ताप आहे? जेवतो का? खेळतो का? डोकं खाजवतो का?

शेवटच्या प्रश्नावर ती थांबली. शाळेतून चिठ्ठी आली होती म्हणाली, उवांची. महिना झाला.

मी तिला पट्टीने माप घेऊन तारीख टाकायला सांगितलं, बारीक दातांची फणी घ्यायला सांगितली, आणि आमच्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनीही तेच सांगितलं, उवांचं औषध दिलं आणि तीन आठवड्यांनी गाठी पुन्हा दाखवायला बोलावलंय. ती तारीख मीही माझ्या कॅलेंडरवर लिहून ठेवली आहे.